आधी त्यांचं ‘नको’ शिकून घे

अगं, तुझा फोन झाल्यापासून मनात घोळतंय, म्हणून आज निवांत बसून सगळं सांगते. बोलता न येणाऱ्या, हातपाय मनासारखे न हलणाऱ्या मुलांसोबत डोळ्यांनी चालणारं सॉफ्टवेअर बनवायचं काम तुला मिळालं, याचा मला फार आनंद झालाय. कोड तुला येतो, डिझाइनही येतं, त्यात मी काय सांगणार? मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. या मुलांच्या खुर्च्या, पट्टे, मानेचे आधार जुळवण्यात माझी वर्षं गेली. तेव्हा मुलांबद्दल सांगते.

पहिल्या भेटीत काय करू, असं विचारलंस ना? लॅपटॉप पिशवीतच राहू दे. त्या मुलाचं ‘नको’ कसं दिसतं ते आधी शिकून घे. ज्याला हाताने ढकलता येत नाही, तोंडाने नाही म्हणता येत नाही, मान वळवायला गेलं की सगळं अंग ताठ होतं, त्याच्याकडे नकार द्यायला उरतं काय? डोळे मिटून घेणं, नजर फिरवणं, ओठ घट्ट धरणं, कधी नुसता श्वास बदलणं. मी एका मुलीला ओळखते, ती नको असलं की सरळ छताकडे बघते. नवीन माणसाला वाटतं, हिचं लक्षच नाही. मग ते माणूस तिच्या तोंडापुढे टाळ्या वाजवतं, ‘इकडे बघ, इकडे बघ’ करतं. म्हणजे तिने स्पष्ट नाही म्हटलेलं असतं आणि समोरचा तेच पुन्हा तिच्यावर लादत असतो.

आता तुझं यंत्र यात काय करतं ते बघ. ते तिच्या डोळ्यांना माउस बनवतं. छताकडे गेलेली नजर त्याच्या लेखी ‘ट्रॅकिंग गेलं’, एवढंच. स्क्रीनवर लाल चौकट येते, बीप वाजतो, आणि खोलीतली सगळी मोठी माणसं तिची मान सरळ करायला धावतात. ज्या डोळ्यांनी ती नाही म्हणत होती, तेच डोळे आपण कामाला जुंपले आणि नाही म्हणायची तिची जागाच काढून घेतली. म्हणून मला वाटतं, या सॉफ्टवेअरमध्ये पहिली गोष्ट डिझाइन करायची ती मुलाचा नकार. बाकीचं सगळं त्यानंतर.

यासाठी प्रत्येक मुलाची एक खुणांची वही कर. हो कसं, नको कसं, दमलो कसं, दुखतंय कसं, अजून हवंय कसं. ही वही तुझी तू भरू नकोस, आईला विचार, बाबांना, आजीला, शाळेतल्या मावशींना विचार. मुलाला रोज भरवणाऱ्या, शी-शू बघणाऱ्या मावशींना ज्या खुणा कळतात त्या आमच्या फाइलमध्ये नसतात. दोघांनी एकाच खुणेचा वेगवेगळा अर्थ सांगितला तर तेही लिही. आणि ती वही मुलासमोरच भर, त्याला वाचून दाखव. त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, तू ती स्वतःला लागू देऊ नकोस.

तंत्र तू वाचलंच असशील. इन्फ्रारेड दिवे डोळ्यावर प्रकाश टाकतात, कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि बुबुळावरची ती चकाकी टिपतो, आणि दोन्हींतल्या अंतरावरून नजर कुठे आहे याचा हिशेब होतो. कागदावर अचूकता अर्धा ते एक अंश लिहिलेली असते. स्क्रीन 60 सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे जवळजवळ 1 सेंटिमीटर. पण हे आकडे स्थिर बसलेल्या, सरळ बघणाऱ्या माणसाचे. आपल्या मुलांपैकी कुणाला तिरळेपणा असतो, कुणाची बुबुळं सतत थरथरतात, कुणाचं डोकं दर श्वासाला हलतं. तिथे स्क्रीनवरचे निवडीचे चौकोन तळहाताएवढे करावे लागतात आणि एका वेळी दोन-तीनच ठेवावे लागतात. तिरळं बघणाऱ्या मुलाचा एकच डोळा टिपायची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती तुझ्या सेटिंगमध्ये चटकन सापडेल अशी ठेव. खिडकीतलं थेट ऊन इन्फ्रारेडला त्रास देतं, तेव्हा जागा बघून बस. गडद काजळामुळेही कॅमेऱ्याचा बाहुली शोधताना गोंधळ होऊ शकतो. आई हौसेने लेकीला काजळ घालून आणते, तिला हे प्रेमाने आणि आदल्या दिवशीच सांग. ऐन वेळी लेकीचे डोळे पुसायला लावू नकोस.

आणि बसणं! यावर मी तासभर बोलू शकते. कंबर मागे टेकलेली नसेल, पाय लोंबकळत असतील, तर त्या मुलाची सगळी ताकद पडू नये यातच जाते, बघायला काही उरत नाही. आधी कंबर, मग धड, मग मान, मग स्क्रीन. मूल एका कुशीवर निजून चांगलं बघत असेल तर स्क्रीन आडवी कर, मुलाला उभं करू नकोस. स्क्रीन टेबलाच्या रेषेत नको, त्याच्या चेहऱ्याच्या रेषेत हवी. सकाळचं आकडीचं औषध घेतल्यावर किती वेळ गुंगी राहते तेही आईला विचार आणि आपली वेळ त्याप्रमाणे ठरव. कारच्या सोयीने किंवा ऑफिसच्या मीटिंगने ती ठरायला नको.

डोळ्याला बटण बनवण्यातली अडचण जुनी आहे. रॉबर्ट जेकब या अमेरिकन संशोधकाने 1990 च्या सुमाराला तिला मायडास राजाच्या हाताचं नाव दिलं. ज्याला हात लावू ते सोनं, तसं जिकडे बघू ते निवडलं जाणं. मंडईत तू ज्या ज्या भाजीकडे नुसतं बघशील ती ती पिशवीत पडायला लागली तर बाजार करता येईल का? म्हणून नजर काही क्षण एका जागी थांबली तरच निवड मानायची, असा तोडगा निघाला. तो थांबा बहुधा अर्धा ते एक सेकंद ठेवतात. हा आकडा मात्र तू मुलागणिक, दिवसागणिक बदलता ठेव. कुणाला नजर थांबवणंच जड जातं, त्याला कमी लागतो. कुणाची नजर एका जागी अडकून राहते, सोडवता येत नाही, त्याला कमी थांबा दिला तर भलतंच निवडलं जातं आणि ते त्याच्या नावावर लागतं.

म्हणूनच विसाव्याची जागा हवी. स्क्रीनवर असा एक मोठा, शांत भाग ठेव जिथे बघितलं तर काहीही होत नाही. आणि मूल स्क्रीनबाहेर बघायला लागलं तर ती चूक मानू नकोस. सगळं थांबू दे, आवाज न करता. परत आलं की जिथे होतं तिथूनच पुढे. बीप नको, लाल चौकट नको, ‘लक्ष दे’ म्हणणारं कार्टून तर मुळीच नको. ज्या दिवशी मूल मुद्दाम बाजूला बघून तुझा खेळ थांबवेल आणि तुझ्याकडे बघून हसेल, त्या दिवशी त्याने तुझ्या सॉफ्टवेअरवर हुकमत मिळवली असं समज. मला ते क्षण कुठल्याही गुणांपेक्षा मोलाचे वाटतात.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्राला मुलाची नजर ओळखायला शिकवण्याचंही तसंच. नऊ ठिपक्यांमागे धावायला लावणं हे या मुलांसाठी परीक्षेसारखं होतं. एक-दोन ठिपक्यांवर भागव, ठिपक्याच्या जागी दादाचा फोटो लाव, आजीचा आवाज लाव. स्क्रीनवर ‘फेल’ हा शब्द कधी येऊ देऊ नकोस. मूल तो वाचू शकत नाही असं तुला वाटेल, पण आईचा चेहरा ते नक्की वाचतं.

बक्षीस म्हणून तू फटाके, टाळ्या, जोरात गाणं लावशील, सगळे लावतात. सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या, बऱ्याच मुलांना अचानक आवाजाने दचका बसतो, हात उडतात, मान मागे जाते. आनंदानेही अंग ताठ होतं. म्हणजे बरोबर उत्तर दिलं की लगेच नजर हरवते, आणि पुढचं चुकतं. आवाज हळूहळू चढू दे. आणि लुकलुकणारं काही ठेवू नकोस. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको हा वेबसाइटचा नियम आहेच, फिट येणाऱ्या मुलांसाठी मी तर म्हणेन एकही नको.

आता एक नाजूक गोष्ट. बघणं आणि बघून सांगणं यांत फरक आहे. तू नजर कुठे जास्त थांबली ते दाखवणारा हीट मॅप काढशील, त्यावर लाल डाग दिसेल, आणि बैठकीत कुणीतरी म्हणेल, ‘बघा, हिला सफरचंद कळलं.’ तिने सफरचंदाकडे बघितलं एवढंच त्या डागावरून कळतं. ते चमकदार होतं म्हणून बघितलं असेल, ते उजवीकडे होतं आणि तिची नजर नेहमी उजवीकडेच जाते म्हणूनही असेल. लंडनमध्ये मायकल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या नजरेने दाखवण्याच्या पायऱ्या ठरवणारी एक मोजपट्टी तयार केली आहे, ती जरूर वाच. उलटही होतं. सीपीच्या पुष्कळ मुलांचे डोळे ठीक असतात, पण मेंदूचं दृष्टीचं केंद्र दुखावलेलं असतं. अशी काही मुलं ऐकताना मुद्दाम दुसरीकडे बघतात, कारण बघणं आणि ऐकणं त्यांना एकदम झेपत नाही. गर्दीचं चित्र त्यांना नुसता गोंधळ वाटतं. काळी पार्श्वभूमी, एकच ठळक आकृती, शांत खोली, आणि मग वाट बघ. पण यातलं काहीही आपल्याला नक्की कळत नाही म्हणून शब्द अडवून ठेवू नकोस. ‘आधी स्क्रीनवरचे फुगे फोडता आले की मग बोलायचा बोर्ड’ असा जिना बांधू नकोस. बोलण्याचा हक्क फुगे फोडून कमवायचा नसतो.

‘सोबत’ डिझाइन करायचं म्हणतेस, ते मला फार आवडलं. ॲलिसन ड्रुइन या तेव्हा मेरीलँड विद्यापीठात असलेल्या बाईंनी 2002 मध्ये लिहिलं होतं की तंत्रज्ञान घडवताना मुलं चार प्रकारे असू शकतात: वापरणारी, तपासून बघणारी, माहिती देणारी आणि बरोबरीची भागीदार. बोलणाऱ्या मुलांना भागीदार करणंच कठीण, तर आपल्या मुलांना लोक ‘तपासणारी’ एवढ्यावरच सोडतात. सगळं तयार झालं की शाळेत आणायचं, फोटो काढायचे, जायचं. तू तसं करणार नाहीस, पण मग कसं करायचं हेही तुला ठाऊक हवं.

काचेसारखी पारदर्शक ॲक्रिलिकची शीट घे, कोपऱ्यांवर चित्रं चिकटव, आणि मुलाच्या समोर ती धरून पलीकडून त्याचे डोळे बघ. या पाटीला ई-ट्रान म्हणतात. तुझा पहिला प्रोटोटाइप हाच. वीज नको, कॅलिब्रेशन नको, आणि मूल काय करतंय ते तुला तुझ्या डोळ्यांनी दिसतं. ‘तुला कसं हवं?’ असं मोघम विचारू नकोस, त्याचं उत्तर तो कसा देणार? दोन खऱ्या गोष्टी समोर धर. हा रंग की तो, हा आवाज की तो, हे पात्र की ते. आणि तिसरी जागा नेहमी ठेव: ‘दोन्ही नको’. ही तिसरी जागा नसेल तर मिळालेलं उत्तर त्याचं नव्हे, तुझं. मग डावं-उजवं बदलून पुन्हा विचार. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपण मध्येच प्रश्न बदलतो. बदललास तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गप्प बस, त्याच्याकडे बघत राहा.

आणि त्याने नाकारलेल्या गोष्टी खरोखर टाकून दे. मुलाने ससा नाकारला आणि पुढच्या वेळी ससाच दिसला, तर ही भागीदारी वगैरे नुसतं बोलणं आहे हे त्याला त्याच क्षणी कळतं.

मुलांना काय हवं असतं हेही आपण ठरवून बसतो. आपल्याला वाटतं, पाणी मागता यावं, शू सांगता यावी. ते हवंच. पण इंग्लंडमध्ये स्पेशल इफेक्ट नावाची संस्था आहे, अपंग माणसांना व्हिडिओ गेम खेळता यावेत म्हणून झटणारी. त्यांनी 2017 मध्ये आयमाइन काढलं, नुसत्या डोळ्यांनी माइनक्राफ्ट खेळायचं सॉफ्टवेअर. ते ज्युलियस स्वीटलँड यांच्या ऑप्टिकी या मोफत कीबोर्डवर उभं आहे. मुलांना सुधारण्यासाठी ते बनवलेलं नाही. बरोबरीची भावंडं जे खेळतात तेच आपल्यालाही खेळायचंय, ही मुलांची साधी इच्छा त्यात मानली आहे. आपल्या शब्दांच्या बोर्डावर ‘गप्प बस’, ‘खोटं बोलतोस’, ‘मला राग आलाय’, ‘सांग ना पुढे’ हे शब्द पहिल्या पानावर हवेत. मूल भांडलं नाही, चिडवलं नाही, तर ते बोललं काय?

ब्लिस चिन्हांची गोष्ट तुला ठाऊक आहे का? चार्ल्स ब्लिस यांनी 1949 मध्ये सगळ्या जगाला समजेल अशी चित्रलिपी प्रसिद्ध केली. जगाने ती घेतली नाही. 1971 मध्ये टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने ती न बोलणाऱ्या सीपीच्या मुलांसमोर ठेवली, आणि मुलं चिन्हं जोडून जोडून बोलू लागली. आधी ब्लिस यांना आनंद झाला. पण केंद्राने मुलांच्या गरजेप्रमाणे चिन्हं वाकवली तसे ते रागावले, आणि वाद थेट वकिलांपर्यंत गेला. तुझ्या बाबतीतही हा दिवस येईल. तू सुंदर केलेली मांडणी मूल भलत्याच रीतीने वापरेल. त्या दिवशी मुलाच्या बाजूने उभी राहा.

मराठीचं काम तर अजून पुष्कळ पडलंय, तिथे तुझा खरा उपयोग आहे. आयआयटी मुंबईतल्या जेलोसारखी चित्रांवरून बोलणारी ॲप आता आपल्याकडे आहेत, ती बघून घे. डोळ्यांसाठी कीबोर्ड करायचा तर सगळी बाराखडी एका स्क्रीनवर मावणार नाही, चौकोन मोठे हवेत. पण आपली वर्णमाला आधीच वर्गांत लावलेली आहे. आधी क, च, ट, त, प यांतला वर्ग निवडायचा, मग त्यातलं अक्षर, मग मात्रा. मुलीच्या यंत्राने ‘मी जाते’ म्हणावं, मुलाच्या यंत्राने ‘मी जातो’. तयार वाक्यांमध्ये हे राहून जातं आणि मुलगी वर्षभर मुलासारखी बोलत राहते. आवाजही शक्यतो तिच्या वयाचा ठेव. मावसबहिणीचा आवाज रेकॉर्ड करून लावला तरी चालेल, फक्त कुणाचा लावायचा ते तिला निवडू दे.

एका बाबतीत मात्र फार जप. शब्द त्याचाच आहे ना? 1990 च्या दशकात परदेशात मदतनीस मुलाचा हात धरून टाइप करवायचे, सुंदर वाक्यं यायची. तपासून बघितल्यावर निघालं की ती वाक्यं मदतनिसांची होती, त्यांच्याही नकळत. आई-बाबांच्या आशेचं काय झालं असेल, विचार कर. डोळ्यांच्या यंत्रात हात धरावा लागत नाही, पण शेजारी बसून ‘बघ, बघ, खाली बघ’ म्हणणारे आपण असतोच. आणि तुझं सॉफ्टवेअर फार उत्साहाने अंदाज बांधायला लागलं, अर्धी नजर पडताच वाक्य पूर्ण करायला लागलं, तर तोच धोका. बोललेलं पुसायची, ‘हे मला म्हणायचं नव्हतं’ असं सांगायची जागा प्रत्येक पानावर ठेव.

घाई करू नकोस. स्वीडनमध्ये मारिया बोर्गेस्टिग आणि सहकाऱ्यांनी अशी दहा मुलं नजरेच्या यंत्रासह दीर्घकाळ पाहिली. पाचेक महिन्यांत मुलं कामात जास्त वेळ रमू लागली, पण नेम अचूक व्हायला 15 ते 20 महिने लागले. तुमचा प्रकल्प सहा महिन्यांचा असेल तर तो संपतो तेव्हा मूल जेमतेम रुळलेलं असतं. ‘उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष काढायला फार सोपी वेळ असते ती. आपल्या देशात बंगळुरूच्या आयआयएससीमधले प्रदीप्त बिस्वास आणि त्यांचे विद्यार्थी चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतल्या मुलामुलींसोबत काम करत आले आहेत. या मुलांना नजर एका जागी ठरवणं किती जड जातं ते त्यांनी मोजलं आणि त्याप्रमाणे मांडणी बदलली. 2020 मध्ये त्यांनी डोळ्यांनी चालणाऱ्या यांत्रिक हाताबद्दल लिहिलं, कापडावर छपाई करण्यासाठी. म्हणजे खेळ आणि बोलणं यांच्या पुढे, कामही. चेन्नईला जाऊन ये, जमलं तर.

आणि मोठं झालेल्यांचं ऐक. मुंबईत 1972 मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली ती मालिनी या लेकीमुळे. त्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करून ‘वन लिटल फिंगर’ हे पुस्तक लिहिलं, 2010 मध्ये आलं. लोक आपल्याशी न बोलता शेजारच्या माणसाशी बोलतात तेव्हा आत काय होतं, हे तिथे तुला त्यांच्याच शब्दांत मिळेल.

शेवटचं, आणि यावरून माझी झोप उडालेली आहे. प्रकल्प संपला की यंत्राचं काय? मी पाहिलंय, मुलाला आवाज मिळतो, घरभर हसू होतं, आणि मग संशोधक मंडळी आभार मानून खोके भरून नेतात. मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. तेव्हा पहिल्या भेटीच्या आधी तुझ्या सरांना विचार, ट्रॅकर मुलाकडे राहणार का, बिघडला तर कोण बघणार, लेखी द्या म्हण. नाही म्हणाले तर आई-बाबांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग आणि त्यांनी ‘मग नको’ म्हटलं तर ते मान. खास बोलण्याची यंत्रं लाखांच्या घरात जातात, पण गेम खेळणाऱ्यांसाठी निघणारे ट्रॅकर त्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात आणि ऑप्टिकी फुकट आहे, त्यावर चालेल असंच काहीतरी बनव. मुलाच्या नजरेची सगळी नोंद त्याच्या घरच्यांच्या ताब्यात दे. आणि काहीही झालं तरी ती ॲक्रिलिकची पाटी घरी राहू दे, एक शाळेत, एक आजीकडे. ती धरायची कशी, थांबायचं किती, ‘दोन्ही नको’ कुठे चिकटवायचं, हे आईला, दादाला आणि शाळेतल्या मावशींना शिकवल्याशिवाय तिथून निघू नकोस.